कुलमुखत्यारपत्रातलं ‘कुल’ कोणतं?

तुमचा प्रश्न असा, की कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला (मुखत्याराला) देणारा दस्त, हे कुळातल्याच माणसाला लिहून द्यायचं असतं का, आणि हा शब्द आला कुठून. मी दस्त लिहिण्याचं काम करतो. घराण्याचा समज मला फार वेळा भेटतो.

कुळाशी त्याचा काही संबंध नाही. हा ‘कुल’ अरबी ‘कुल्ल’, म्हणजे सगळा, एकूण. ‘कुल जमा’ म्हणतो त्यातला. मुखत्यार नात्यातलाच हवा असा नियम नाही. मित्र, शेजारी, कोणीही विश्वासू सज्ञान माणूस चालतो.

‘मुखत्यार’मध्ये मुखही नाही. अरबी ‘मुख्तार’ फारसीच्या वाटेने दरबारी मराठीत आला. मूळ धातू ‘निवडणे’ या अर्थाचा, आणि ‘हे माझ्या अखत्यारीत नाही’ म्हणतो तो ‘अखत्यार’ही त्याच धातूचा. मला यातली फार सुंदर वाटणारी गोष्ट म्हणजे अरबीत या क्रियापदाची ‘निवडणारा’ आणि ‘निवडलेला’ ही दोन्ही रूपं एकच होतात: मुख्तार. तुम्ही एकाला निवडता आणि मग तुमच्या जागी निवड तो करतो, दोन्ही अर्थ त्या एका माणसात येतात. इंग्रज अमदानीत तर मुखत्यार हा कोर्टात काम चालवणाऱ्यांचा एक वर्गच होता. १८७९ च्या कायद्यात प्लीडरांच्या, म्हणजे वकिलांच्या, बरोबरीने त्यांचं नाव आहे.

आज मालक परदेशी असला, की दुय्यम निबंधकांपुढे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, दस्तात येतं, ‘लिहून देणार अमुक, तर्फे कुलमुखत्यार तमुक’. अधिकाराच्या मर्यादेत केलेली ती सही मालकाचीच धरली जाते. म्हणून ‘कुल’ हा शब्द बघून सही करा. एकच फ्लॅट विकायचा असेल तर त्या फ्लॅटचं वर्णन घालून, त्याच व्यवहारापुरतं खास मुखत्यारपत्र करा. सगळ्या मिळकतींचा अधिकार देऊन बसलेले लोक मी पाहिलेत, आणि मागाहून ते निस्तरणं फार जड जातं.

उलट बाजूही सांगतो. नुसत्या कुलमुखत्यारपत्राने मिळकत विकत घेणारा तिचा मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलंय. शिवाय मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मिळकतीत नसेल, तर लिहून देणारा वारला की अधिकार संपतो. १८७२ च्या करार कायद्यात तशी तरतूद आहे. आई गेल्यावर तिच्या पत्राच्या जोरावर मुलाने सही करून चालत नाही, आधी वारसांची नावं लावून घ्यावी लागतात.