जिप्सी, जिम्नी, थार : स्पार्क प्लगबद्दल तुमचे प्रश्न

माझ्याकडे कार्बोरेटरवाली जिप्सी किंग आहे. सुट्टीच्या दिवशी मुळशी-ताम्हिणीकडच्या कच्च्या वाटांवर लो रेंजमध्ये (जास्त जोर, कमी वेग देणाऱ्या गिअरमध्ये) चालवतो. दोन-तीन फेऱ्यांत प्लग काळे पडतात आणि गाडी मिसिंग मारते, म्हणजे मधूनच एखादा सिलिंडर पेटत नाही. सध्या एनजीकेचे बीपीआर६ईएस आहेत. मित्र म्हणतो, एक नंबर गरम प्लग (टोक जास्त तापू देणारा) टाक. टाकू का? (वाचक, पुणे)

इतक्यात नको. आधी चारही प्लग काढून ओळीने मांडा आणि काळेपणा कसला आहे ते बघा. कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा प्लग पुरेसा तापत नाही. ओला, तेलकट, चकचकीत काळा असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल वर येतंय. मग कुठलाही प्लग टाकला तरी तो पुन्हा काळा होणार. एकच प्लग वेगळा दिसत असेल तर त्याच सिलिंडरची वायर आधी तपासा.

तुमचं वर्णन वाचून मला काजळीचाच संशय येतो. प्लगच्या टोकाला साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान मिळालं की त्यावरचा कार्बन आपोआप जळून जातो. लो रेंजमध्ये तासभर रांगत चढताना टोक तेवढं तापतच नाही. त्यामुळे वाटेवरून उतरलात की लगेच घरी गाडी बंद करू नका. पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने चालवा, बरीच काजळी जाईल. त्यानंतर एअर फिल्टर झटका, चोक पूर्ण उघडतोय का बघा आणि कार्बोरेटरमधल्या फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी तपासून घ्या. उन्हाळ्यातल्या तांबड्या धुळीने फिल्टर किती लवकर गच्च होतो, हे फिल्टर हातात घेतल्याशिवाय कळत नाही. लेह-लडाखला गेलात तर तिथल्या विरळ हवेत कार्बोरेटरची गाडी अशीच काळी होते. त्यात प्लगचा दोष नसतो.

आता नंबराचं. बीपीआर६ईएस मधला ६ म्हणजे हीट रेंज, म्हणजे प्लग टोकाची उष्णता किती लवकर बाहेर टाकतो ते. थंड प्लग लवकर टाकतो, गरम प्लग हळू. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलट, आकडा वाढला की गरम. ‘एक नंबर वर टाक’ असं कुणी सांगितलं तर कुठल्या कंपनीचा, हे आधी विचारा. नावातला आर म्हणजे आत रेझिस्टर (रेडिओतली खरखर रोखणारा रोधक) आहे, तो कायम ठेवा. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. ती चुकली तर प्लग पिस्टनवर आपटू शकतो किंवा आत खोल दडून नीट पेटत नाही.

गरम प्लग रांगायला बरा, पण तीच गाडी एप्रिलच्या उन्हात सामान भरून घाट चढते. टोक ८०० अंशांच्या वर गेलं की ठिणगीआधीच मिश्रण पेटतं, आणि अशाने पिस्टनला भोक पडलेलं मी पाहिलं आहे. बाकी सगळं तपासून झालं, गाडी हायवेवर जवळजवळ जातच नाही, आणि तरीही काजळी राहिली, तरच एक पायरी गरम. दोन पायऱ्या कधीच नाही.

ओढा ओलांडल्यावर माझी जिम्नी झटके खायला लागली. गॅरेजमध्ये चारही प्लग बदलायला सांगितलं. किलोमीटर फक्त १२ हजार झालेत. (वाचक, कोल्हापूर)

प्लग बहुधा ठीक आहेत. या इंजिनात प्लग खोल विहिरीत बसतात आणि प्रत्येकावर स्वतःची कॉइल (ठिणगीसाठी करंट देणारी) असते. विहिरीत पाणी साचलं की करंट टोकापर्यंत न पोहोचता बाजूने हेडला (इंजिनाच्या वरच्या धातूच्या भागाला) जातो. कॉइल काढा, विहीर कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करा, कॉइलचा रबरी बूट (प्लगवर चढणारी नळी) आतून-बाहेरून वाळवा. बुटाला चीर किंवा कोळशाची बारीक रेघ दिसली तर तो बदला. बसवताना बुटाच्या तोंडाशी आतून थोडं सिलिकॉन ग्रीस लावा.

प्लगच्या पांढऱ्या पोर्सेलिनवर धातूच्या कडेशी तपकिरी वलय दिसलं तर घाबरू नका, तो गळतीचा डाग नसतो. मात्र मिसिंग असताना गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा एक्झॉस्टमधला भाग) जाळतं, आणि तो खर्च चार प्लगांच्या कितीतरी पट आहे.

डिझेल थारला इरिडियम प्लग कुठला चांगला? (वाचक, नाशिक)

डिझेलला स्पार्क प्लग नसतोच. तिथे दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. तुम्ही ऐकलंय तो ग्लो प्लग. तो थंडीत सुरू होताना गरम करण्यापुरता असतो.

प्लग घरी बदलता येतील का? किती घट्ट करायचे? (वाचक, रत्नागिरी)

जरूर येतील, पण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. मी एकदा घाईत गरम इंजिनाचा प्लग फिरवला आणि ॲल्युमिनियम हेडचे आटे प्लगबरोबर बाहेर आले. हेड उतरवून आटे नवे करावे लागले.

काढण्याआधी भोवतीची माती हवेने उडवा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग पान्याशिवाय, हाताने फिरवत न्या. अडला तर परत काढा, जोर लावू नका. वॉशर टेकल्यावर पान्याने साधारण अर्धा फेरा. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) असेल तर १४ मिलिमीटर आट्याच्या वॉशरवाल्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर. आट्यांना ग्रीस लावू नका, कारण त्याने नकळत जास्त आवळला जातो.

गॅप (ठिणगी पडते ते टोकांमधलं अंतर) गाडीच्या पुस्तकात दिलाय तोच, फिलर गेजने (पातळ पट्ट्यांच्या मापाने) मोजून. इरिडियमच्या सुईसारख्या टोकाला वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर लावायचा नाही. आणि प्लग सुटा, खोक्याशिवाय घेऊ नका. नकली माल बाजारात भरपूर आहे.

पाण्यात इंजिन बंद पडलं. पाणी आत गेलं असेल तर? (वाचक, सिंधुदुर्ग)

पुन्हा स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ओढून बाहेर काढा आणि एअर फिल्टर उघडा. तो कोरडा असेल तर पाणी बहुधा वायरिंगमध्ये आहे. ओला असेल तर चारही प्लग काढा, कॉइल आणि पेट्रोल पंपाचा करंट तोडा, आणि मगच थोडा-थोडा स्टार्टर मारा. प्लगच्या भोकांतून पाणी फवाऱ्यासारखं उडेल, तेव्हा वाकून बघू नका. उडायचं थांबलं की डिपस्टिक काढा. ऑइल दुधाळ झालं असेल तर इंजिन सुरू न करता गाडी टो करूनच न्या. म्हणून पावसाळ्यात प्लगपाना आणि चार जादा प्लग गाडीत ठेवा, कोरड्या डब्यात.