पाच छापे पडले, आता काटाच येणार का?

प्रश्न : नाणं पाच वेळा उडवलं, पाचही वेळा छापा. मग सहाव्या वेळी काटा यायचे चान्सेस वाढतात ना? मित्र म्हणतो अजिबात वाढत नाहीत. आणि फासा चार वेळा टाकला तर एकदा तरी सहा पडायची शक्यता १/६ चार वेळा मिळवून ४/६ धरायची का?

उत्तर : मित्राचं बरोबर आहे. नाण्यात खोट नसेल तर सहाव्या वेळीही छापा १/२ आणि काटा १/२च. गोंधळ होतो कारण दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले जातात. सुरुवातीलाच कोणी विचारलं असतं की सहाच्या सहा छापे पडतील का, तर १/२ सहा वेळा गुणून १/६४ आलं असतं, म्हणजे अवघडच, पण तुमचे पाच तर पडून गेलेत, उरलाय एकच टॉस. आणि पाच छापे मग काटा, या क्रमाची शक्यताही १/६४च आहे बरं का, तो काही जास्त सोपा नाही.

आता फासा. इथे बेरीज चालत नाही. त्या हिशोबाने सहा वेळा टाकल्यावर ६/६, म्हणजे सहा पडलाच पाहिजे, आणि सात वेळा टाकला तर ७/६! लुडो खेळलेल्या कुणालाही विचारा, सहाची वाट बघत किती डाव जातात. चूक अशी होते की ज्यात दोनदा-तीनदा सहा पडले ते प्रकार आपण परत परत मोजतो. म्हणून "एकदा तरी" दिसलं की सरळ उलटं विचारायचं, एकदाही सहा न पडायची शक्यता किती? एका वेळी ५/६, चार वेळा गुणलं की ६२५/१२९६, ते १ मधून वजा करा, ६७१/१२९६ म्हणजे साधारण ५१.८ टक्के.

शेवालिए द मेरे हा फ्रेंच जुगारी याच्याच पुढच्या पायरीवर अडला होता. दोन फासे २४ वेळा टाकले तर एकदा तरी जोडीने सहा-सहा पडायला तेवढाच चान्स हवा असं त्याला वाटायचं, कारण एका फाशाचे ६ प्रकार आणि दोन फाशांचे ६ × ६ = ३६, मग ६ ला ४ तसे ३६ ला २४. पण ३५/३६ चोवीस वेळा गुणून १ मधून वजा करून बघा, ४९.१ टक्केच येतात, निम्म्याच्या खाली! १६५४ साली पास्कल या गणितज्ञाने फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याची ही तक्रार आहे.

फक्त हा गुणाकार असा सरसकट पत्त्यांना लावू नका. एक एक्का काढून बाजूला ठेवला की दुसऱ्या एक्क्यासाठी ४/५२ नाही, ३/५१ धरायचं.