पेपरसाठी लायब्ररीत जायच्या आधी हे वाच

अगं,

१८९७ चा पुण्यातला प्लेग हा टॉपिक घेतलास ते झकासच, पण "आत्या चार-पाच लिंका पाठव ना" हे मात्र मी करणार नाहीये. लिंका तुझ्या तुला मिळतील गं. पंधरा पानांच्या पेपरमध्ये अख्खा प्लेग मावत नाही, त्यातला कुठला तुकडा घ्यायचा ते लायब्ररीत बसून, काय हाताला लागतंय आणि काय नाही ते बघूनच ठरतं, त्यामुळे शीर्षक आत्ताच पक्कं करून सरांना देऊन टाकू नकोस, "प्लेगवर काहीतरी करतेय" एवढंच सांग.

आधी घरी बसून मराठी विश्वकोशातली प्लेगची नोंद वाच, ऑनलाइन आहे. विकिपीडियापण बघ, लाजायचं काही कारण नाही, फक्त तळटीपेत त्याचं नाव नको. मग पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात किंवा तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन या विषयावरचं एक नीट अभ्यासाचं पुस्तक काढ. डेव्हिड अर्नोल्ड यांचं वसाहतकाळातल्या वैद्यकावरचं १९९३ चं पुस्तक आहे, त्यात प्लेगवर प्रकरण आहे. ते प्रकरण वाच आणि मग मागच्या टिपा वाच, खरं तर टिपाच जास्त वाच, कारण त्या माणसाने कुठले अहवाल, कुठली वर्तमानपत्रं बघितली ते सगळं तिथे उघडं पडलेलं असतं. पुण्याचे पुढारी आणि प्लेग यावर आयन कॅटनाक यांचा १९८४ चा एक लेख आहे, तोही असाच उलटा वाच, शेवटाकडून. शोधगंगा म्हणजे पीएचडीचे प्रबंध ठेवलेली साइट, तिच्यावरचे प्रबंधही संदर्भसूचीसाठी उघडायचे, उतरवून घ्यायला नाही!

कॅटलॉगमध्ये "पुणे" टाकून काही मिळालं नाही म्हणून उठून येऊ नकोस. जुन्या इंग्रजी नोंदी पूना आणि बॉम्बे या नावांखाली असतात, मराठी नोंदींचं रोमन स्पेलिंग तर ज्याने भरलं त्याच्या मर्जीवर, त्यामुळे लेखकाच्या आडनावाने शोधलेलं बरं पडतं. पुस्तकांना विषयवार नंबर द्यायची ड्युई पद्धत असेल तिथे इतिहास ९५४ ला आणि सार्वजनिक आरोग्य ६१४ ला, म्हणजे तुझा एकच विषय दोन वेगळ्या कपाटांत बसलेला असणार, दोन्हीकडे जा आणि आजूबाजूची पुस्तकंही चाळ. जुन्या संस्थांमध्ये कपाटापर्यंत जाऊ देत नाहीत, चिठ्ठी भरून मागवावं लागतं, तिथे काउंटरवरच्या माणसाला टॉपिक सांग आणि "दाते सूची बघायची आहे" म्हण. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची विषयवार सूची करून ठेवलीये आणि नियतकालिकांची सूची वेगळी आहे. गूगलवर जे येतच नाही ते तिथे सापडतं. मला विचारशील तर मराठीत काम करणाऱ्या कुणीही पहिल्याच आठवड्यात ती हाताळावी, पण हल्ली फारसं कुणी मागत नाही.

गॅझेटिअर म्हणजे इंग्रज सरकारने काढलेले जिल्ह्यांच्या माहितीचे ग्रंथ, त्यातला पुण्याचा अठरावा खंड सगळे सुचवतील. घे, पण तो १८८५ चा आहे, म्हणजे प्लेगच्या आधीचा, त्यात पेठा, वस्ती, पाणीपुरवठा असं सगळं मिळेल, प्लेग नाही मिळणार. भारत इतिहास संशोधक मंडळ आणि पेशवे दफ्तर ही नावं भारी वाटतात पण तिथली मुख्य सामग्री तुझ्या काळाच्या खूप आधीची, तिकडे आत्ता नको. जुन्या सरकारी अहवालांसाठी गोखले इन्स्टिट्यूटच्या लायब्ररीत जा. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या रोगराईचे कितीतरी अहवाल स्कॅन करून फुकट ठेवलेत, तेही बघ.

वर्तमानपत्रांचं मात्र जरा निवांत करायचं काम आहे. केसरी तेव्हा साप्ताहिक होता, मंगळवारी निघायचा. प्लेगच्या बंदोबस्तावरचा इंग्रज अधिकारी रँड, त्याच्यावर गोळी झाडली २२ जूनच्या रात्री आणि तो वारही मंगळवारच, म्हणजे त्या तारखेच्या अंकात तुला काहीच मिळणार नाही, २९ जूनचा अंक मागायला हवा. असं वार-तारखांचं गणित आधी घरी मांडून गेलीस की बाइंडिंग केलेले गठ्ठे किंवा मायक्रोफिल्म चाळण्यात दिवस जात नाही. आणि एकट्या केसरीवर पेपर उभा करू नकोस, ज्ञानप्रकाशही बघ, दोघांचं राजकारण वेगळं होतं. शिवाय सरकारचं भाषांतर खातं देशी वर्तमानपत्रांचे इंग्रजी गोषवारे दर आठवड्याला काढायचं. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात जाणं झालं तर ते माग, जाताना कॉलेजचं पत्र आणि आयकार्ड विसरू नकोस.

एक सांगू? सगळे जण रँडच्या खुनाकडेच धावतात. चापेकर बंधूंवर ढीगभर लिहून झालंय, त्यात तू नवीन काय घालणार? त्यापेक्षा मार्च ते मे मधल्या, प्लेगचे रुग्ण शोधायला केलेल्या घरझडत्या घे, किंवा रुग्णांची सेवा कोण करत होतं ते घे. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला प्लेगनेच गेल्या, रुग्णांची सेवा करताना, त्या वेळच्या वर्तमानपत्रांनी याची दखल घेतली का आणि किती, एवढाच प्रश्न घेतलास तरी पंधरा पानं पुरायची नाहीत. आणि दखल घेतलीच नाही असं दिसलं तर तेही लिहिता येतं, फक्त कुठले अंक बघितलेस ते तारखांसकट सांगायचं.

नोट्सचं काय, फोनवर फोटो काढायला आधी परवानगी विचार, आणि पहिला फोटो कायम मुखपृष्ठाच्या आतल्या पानाचा, जिथे प्रकाशक आणि साल असतं, मग बाकीची पानं. नाहीतर रात्री गॅलरीत चाळीस फोटो आणि कुठलं पान कुठल्या पुस्तकातलं काय कळत नाही. लेखकाचे शब्द जसेच्या तसे घेतलेस तर तिथेच अवतरणचिन्ह टाक, नंतर टाकू म्हणशील तर स्वतःचं आणि त्याचं वाक्य वेगळं ओळखू येत नाही. चॅटजीपीटीने एखादं पुस्तक सुचवलं तर ते कुठल्यातरी कॅटलॉगमध्ये स्वतः बघितल्याशिवाय यादीत घालायचं नाही, तो नसलेली पुस्तकंही छान नावानिशी सांगतो.

पुढच्या रविवारपर्यंत एका ओळीत तुझा प्रश्न लिहून पाठव आणि त्याखाली ज्या तीन गोष्टी प्रत्यक्ष हातात घेऊन बघितल्यास त्यांची नोंद, पान नंबरसकट. मग फोनवर बोलू.

आत्या