दानशूरांच्या पैशातून शहर सावरतं का?

तुमच्या गावचे, मुंबईत नावारूपाला आलेले एक उद्योजक बंदराजवळचा जुना बाजार स्वखर्चाने नव्याने बांधून द्यायला तयार आहेत. नगरपरिषदेने हो म्हणावं का, आणि अशा देणग्यांनी शहर खरंच सावरतं का, असं तुम्ही विचारलंय.

हो म्हणावं. पण त्याआधी दोन गोष्टी कागदावर याव्यात: नकाशावर शेवटचा शब्द कोणाचा, आणि दहा वर्षांनी त्या बाजारातली गटारं कोण उपसणार.

मी नगररचनेची संशोधक, मूळची चिपळूणची. दानाचा पैसा शहरात आला की निर्णय कोणाकडे सरकतात, हाच माझा अभ्यासविषय. कोकणाला हा पैसा नवा नाही. चाकरमान्यांच्या मुंबईतल्या मंडळांनी गावोगावी देवळं आणि शाळा उभ्या केल्या. रत्नागिरीत भागोजीशेठ कीरांनी स्वतःच्या पैशातून पतितपावन मंदिर बांधलं आणि 1931 मध्ये ते सर्व जातींच्या हिंदूंना खुलं झालं. त्या काळी असं काम नगरपालिकेत मतं मोजून झालं असतं, असं मला वाटत नाही. लोकमत जिथे मागे असतं तिथे दाता पुढे जाऊ शकतो, ही दानाची मोठी ताकद आहे आणि मी ती मनापासून मानते.

धोकाही तिथेच आहे. अमेरिकेतलं डेट्रॉइट जुलै 2013 मध्ये दिवाळखोरीत गेलं. महापालिकेच्या निवृत्त कर्मचाऱ्यांचं पेन्शन आणि कलासंग्रहालयातली चित्रं, दोन्ही पणाला लागली. तेव्हा फोर्ड, क्रेस्गी यांसारख्या प्रतिष्ठानांनी मिळून 36.6 कोटी डॉलर कबूल केले, राज्य सरकारनेही भर घातली. चित्रं वाचली, पेन्शनमधली कपात बरीच कमी झाली. हे मोठंच काम होतं. पण त्या काळात शहराचा कारभार राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे होता. लोकांनी निवडून दिलेल्यांच्या हातात फार थोडं उरलं होतं.

त्याच राज्यातल्या कॅलमझूचं उदाहरण मला जास्त अस्वस्थ करतं. 2016 मध्ये दोन धनिकांनी शहराला 7 कोटी डॉलर देऊ केले आणि त्याच व्यवस्थेत मालमत्ता कराचा दर बराच खाली आणला गेला. म्हणजे नागरिक हक्काने हिशेब मागू शकतात त्या पैशाची जागा, मर्जीने मिळणाऱ्या पैशाने घेतली. आपल्याकडे घरपट्टी वाढवायला कुठलेच नगरसेवक धजत नाहीत. त्यात उद्या कोणी म्हणालं, ‘शेठ देतायत ना, मग कर कशाला?’ तर काय होईल, याचा विचार करा.

आता चिपळूण. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा, ही मागणी गावातूनच उठली. त्यासाठी लोक साखळी उपोषणाला बसले. पुढे नाम फाउंडेशनची यंत्रं नदीत उतरली, इंधनाचा भार सरकारने उचलला. काय करायचं हे आधी शहराने ठरवलं आणि दाता नंतर आला. म्हणून हे उदाहरण मला मोलाचं वाटतं. अर्थात नदीत गाळ दरवर्षी येतो, तेव्हा तो दरवर्षी काढण्याची तरतूद सरकारलाच करावी लागणार.

तुमच्या बाजाराकडे याच नजरेने बघा. मासे विकणाऱ्या बायका, फुटकळ भाजीवाले, जुने गाळेधारक यांना नकाशा दाखवलाय का? काम चालू असताना त्या बसणार कुठे, आणि नंतर त्यांची जागा त्याच भाड्यात मिळणार का? पेव्हर ब्लॉक आणि शोभेचे दिवे येतील, पण त्यांचं वीजबिल, सफाई आणि पावसाळ्यातली डागडुजी नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकातूनच जाणार. म्हणून बांधकामाबरोबर देखभालीसाठी वेगळी ठेव मागा. खरी कळकळ असलेले दाते त्याला नाही म्हणणार नाहीत, फक्त कोणीतरी मागायला हवी. उद्योजकांचं नाव कमानीवर जरूर लावा.

विषय सर्वसाधारण सभेत आला की करारनाम्याची प्रत मागून घ्या. देखभालीचं आणि जुन्या विक्रेत्यांचं कलम त्यात नसेल, तर ठराव होण्याआधीच लेखी हरकत द्या, आणि त्यावर त्या मासेवाल्या बायकांच्या सह्या आधी घ्या.