औषधाने जंत पडले की आपोआप?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वावडिंगाचा अर्क माणसाच्या हूकवर्मवर (आतड्यात राहून रक्त पिणारा जंत) चालतो का ते पाहायचंय, कॉलेजच्या ॲनिमल हाऊसमध्ये माइस (लहान उंदीर) आहेत, तर त्यांनाच माणसाचा जंत लावता येईल का?

नाही. माणसातला नेकेटर, म्हणजे हाच हूकवर्म, साध्या माइसमध्ये नीट वाढत नाही. अळ्या कातडीतून शिरतील, पण तुम्हाला आतड्यात अंडी घालणारी मादी हवी, ती मिळणार नाही. खऱ्या आजाराच्या सगळ्यात जवळ जायचं तर गोल्डन हॅमस्टर आणि ॲन्सायलोस्टोमा सिलॅनिकम हा दुसरा हूकवर्म. त्यात हॅमस्टरचं रक्त कमी होतं, वजन उतरतं, जंत बरेच दिवस टिकतात. पण तो जंत माणसालाही लागतो, म्हणून हातमोजे घातल्याशिवाय अळ्यांना हात लावू नका. शिवाय जंताचा स्ट्रेन (वाण) मिळवणं कठीण आणि ती एका प्राण्यातून दुसऱ्यात सतत चालू ठेवावी लागते. एका वर्षाच्या प्रोजेक्टला हे झेपणार नाही.

बहुतेक जण रॅट (मोठा उंदीर) आणि त्याच्या आतड्यातला जंत निप्पोस्ट्राँगिलस यांवर येतात. मीही आलो, आणि तिथेच तोंडावर आपटलो. कातडीखाली अळ्या टोचल्या की त्या एक-दोन दिवसांत फुप्फुसात, तिथून घशात येऊन गिळल्या जातात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतड्यात, आणि सहाव्या दिवसापासून लेंड्यांत अंडी. मी नवव्या दिवशी काढा सुरू केला, तीन दिवस पाजला, चौदाव्या दिवशी आतडी उघडली. एकही जंत नाही! सरांना फोनसुद्धा केला. मग कंट्रोलचे रॅट उघडले, ज्यांना नुसतं पाणी पाजलं होतं. तेही रिकामे.

झालं होतं एवढंच की रॅटची प्रतिकारशक्ती या जंताला दहाव्या दिवसाच्या आसपास स्वतःच बाहेर काढायला लागते. त्या दिवसांत नळाचं पाणी पाजलं तरी ‘औषध’ लागू पडतं. म्हणून डोस सहाव्या-सातव्या दिवशी द्या आणि आठव्याला मोजा. कंट्रोलमध्ये भरपूर जंत दिसले नाहीत तर तो बॅच फेकून द्या. एका गटाला अल्बेंडाझोल हे नेहमीचं जंताचं औषध द्याच, म्हणजे मोजणी जमते की नाही ते कळतं. आतडं उभं चिरून गॉझमध्ये बांधा आणि ३७ अंशांच्या सलाइनमध्ये लटकवून ठेवा. तास-दोन तासांत लालसर, स्प्रिंगसारखे वळलेले जंत खाली पडतात.

माइसच वापरायचे असतील तर त्यांच्या आतड्यातला जंत हेलिग्मोसोमॉइडीस पॉलिगायरस घ्या. तोंडाने अळ्या द्यायच्या, जंत कित्येक आठवडे टिकतो, त्यामुळे औषधाला सवड मिळते. तुमच्या कामाला मला हाच बरा वाटतो.

अळ्यांसाठी जंत लागलेल्या प्राण्यांच्या लेंड्या कोळशाच्या चुऱ्यात कालवून ओल्या फिल्टर पेपरवर ठेवायच्या. आठवड्याभरात कडेच्या पाण्यात अळ्या वळवळताना दिसतात. जुलैत आपल्याकडे बुरशी आधी येते, तेव्हा थर पातळ ठेवा आणि झाकण रोज उघडून बघा. इथिक्स कमिटीची परवानगी हातात आल्याशिवाय प्राणी मागवू नका, हे वेगळं सांगायला नको.

आणि प्राणी आले की पहिल्याच दिवशी शेपटीच्या मुळाशी सेलोटेप लावून स्लाइडवर चिकटवा. केळ्यासारखी एका बाजूने चपटी अंडी दिसली तर पिनवर्म (दुसऱ्याच जातीचे बारीक जंत) आधीच आहेत. असे प्राणी परत पाठवा. विकणारा कुरकुर करेल, करू दे.