पहिला बार १७५ किलोमीटर टिकतो आणि चौथा ७० मध्येच संपतो: बाईकचं पेट्रोल मीटर बिघडलंय का?

तुम्ही दिलेले आकडे असे: टाकी १२ लिटरची, मीटरवर ५ बार. टाकी फुल्ल केल्यावर पहिला बार १७५ किलोमीटरला गेला, दुसरा २७५ला, तिसरा ३६०ला, चौथा ४३०ला, आणि तिथून शेवटचा बार लुकलुकायला लागला. तेव्हा लगेच परत फुल्ल केली तर ९.६ लिटर पेट्रोल बसलं. विचारलंय की मीटर खराब आहे का, आणि लुकलुकायला लागल्यावर गाडी किती चालेल.

मीटर ठीक आहे. बार क्रमाने पडतायत, कुठे उडी नाही, पडलेला बार मधेच परत आलेला नाही. दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: सपाट रस्त्यावर ६० किलोमीटर धरा. हा आकडा कसा काढला ते पुढे सांगतो, कारण तो तुम्ही तुमच्या गाडीवर पक्का करून घ्यायला हवा.

आधी बार असे का पडतात ते. मीटरला लिटर कळत नाहीत, त्याला फक्त पातळी कळते. टाकीत एका वाकड्या दांडीच्या टोकाला फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा पोकळ तुकडा असतो. पेट्रोल उतरलं की फ्लोट उतरतो, दांडी फिरते आणि तिच्या दुसऱ्या टोकाची बारीक पत्ती रेझिस्टन्सच्या, म्हणजे करंटला कमी-जास्त अडवणाऱ्या पट्टीवर सरकते. हा अडथळा ओहममध्ये मोजतात, आणि तो किती आहे त्यावरून मीटर बार दाखवतं. आता टाकीचा आकार बघा. ती फ्रेमच्या नळीवर खोगिरासारखी बसलेली असते: वर रुंद आणि फुगीर, खाली मधोमध नळीसाठी खोबण, दोन्ही बाजूंना निमुळत्या पिशव्या. वरच्या भागात पातळी एक सेंटिमीटर उतरायला भरपूर पेट्रोल जळावं लागतं, तळाशी तेवढीच पातळी थोड्याशा पेट्रोलात उतरते.

यात आणखी एक भर पडते. टाकी काठापर्यंत भरली की फ्लोट छताला टेकतो किंवा दांडी तिच्या वरच्या मर्यादेला अडते. त्याच्या वर भरलेलं पेट्रोल मीटरच्या हिशोबातच येत नाही. ते जळेपर्यंत फ्लोट जागचा हलत नाही, म्हणून पहिला बार हटता हटत नाही. तुमचं ॲव्हरेज ४३० भागिले ९.६, म्हणजे साधारण ४४.८ येतं. त्या हिशोबाने पहिल्या बारात ३.९ लिटर गेलं, दुसऱ्यात २.२, तिसऱ्यात १.९ आणि चौथ्यात १.६. कंपन्या मीटर बसवताना हा वाकडेपणा थोडाफार सुधारून घेतात, पण पूर्ण सरळ करत नाहीत. शिवाय पेट्रोल संपण्याआधी मीटरने जरा लवकर ओरडावं अशीच त्याची मांडणी असते. मला ते योग्य वाटतं. उशिरा सांगणारं मीटर काय कामाचं?

त्यामुळे "५ बार म्हणजे प्रत्येकी २.४ लिटर" हा हिशोब सोडून द्या. अर्धे बार उरले म्हणजे अर्धी टाकी उरली असंही नसतं, बहुतेक गाड्यांत अर्ध्यापेक्षा कमीच उरलेली असते.

मीटर कधी वाचायचं यालाही नियम आहे. साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकते, पेट्रोल एका बाजूला जातं आणि फ्लोट कुठल्या बाजूला बसवलाय त्यानुसार मीटर जास्त किंवा कमी दाखवतं. चढावर, उतारावर, जोरात ब्रेक मारल्यावर तेच होतं. म्हणून डिजिटल मीटर मुद्दाम सुस्त ठेवलेलं असतं. ते काही वेळाची सरासरी घेऊन मगच बार बदलतं, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला बार नाचले असते. गाडी सरळ उभी करा, इग्निशन बंद करून परत चालू करा, अर्धा मिनिट थांबा आणि मग वाचा. इग्निशन चालू ठेवून एखादं लिटर भरलं तर पुष्कळ मीटरांवर बराच वेळ काहीच फरक दिसत नाही. त्यात पंपावरच्या माणसाचा दोष असेलच असं नाही.

आता तुमच्या ६० किलोमीटरचा हिशोब. १२ वजा ९.६, म्हणजे २.४ लिटर उरलं होतं. ते सगळं वापरता येत नाही. इंजेक्शनच्या गाडीत (जिथे कार्बोरेटरऐवजी टाकीतला पंप इंजेक्टरला पेट्रोल पुरवतो) पंपाचं तोंड तळापासून जरा वर असतं, आणि चढावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर ते पेट्रोल संपायच्या आधीच हवा ओढतं. यासाठी अर्धा लिटर सोडून द्या. राहिलं १.९. त्याला तुमच्या सरासरी ॲव्हरेजने गुणू नका, वाईट दिवसाच्या ॲव्हरेजने गुणा, समजा ४०. ७६ किलोमीटर आले. टाकी भरण्यातली चूक आणि पंप शोधण्यातला फेरा धरून ६०.

या हिशोबातली सगळ्यात कच्ची वीट म्हणजे तो १२ चा आकडा. माहितीपत्रकातली क्षमता नेमकी कुठपर्यंत भरल्यावर मोजली हे सगळीकडे सारखं नसतं. अनेकदा ती तोंडाच्या नळीच्या खालच्या कडेपर्यंतची असते आणि काठोकाठ भरल्यास त्याहून जास्त मावतं. काही वेळा तुम्ही ज्या खुणेपर्यंत भरता तिथवर त्याहून कमी बसतं. टाकी कधी कामासाठी पूर्ण रिकामी झालीच तर मापाच्या कॅनने एकेक लिटर मोजून भरा. एकदाच करायचं काम आहे, आणि त्यानंतर बाकीचे आकडे भरवशाचे होतात. तेवढ्याच वेळात प्रत्येक लिटरला किती बार दिसतात तेही लिहून ठेवा. मीटरचा तक्ता आयता तयार होतो.

ते जमेपर्यंत टाकी ते टाकी पद्धत वापरा. गाडी दर वेळी त्याच स्टँडवर, शक्यतो मेन स्टँडवर, सपाट जागी. पेट्रोल दर वेळी त्याच खुणेपर्यंत. नळीची खालची कड ही सोपी खूण. नोझलच्या ऑटो कटवर विसंबू नका, नोझल किती आत आहे आणि फेस किती झालाय यावर तो लवकर किंवा उशिरा पडतो. ट्रिप मीटर शून्य करा, शेवटचा बार लुकलुकेपर्यंत चालवा, मग भरा आणि किलोमीटर भागिले लिटर काढा. अर्ध्या टाकीत मोजू नका. भरण्याच्या खुणेत ३०० मिलीची चूक झाली तर १० लिटरवर ती ३ टक्के असते, २ लिटरवर तीच १५ टक्के होते. "एक लिटर टाकलं आणि ३८ च दिलं" अशा तक्रारींत बऱ्याचदा गाडीचा काही दोष नसतो. तीन-चार टाक्यांचा हिशोब झाला की सरासरीपेक्षा सगळ्यात कमी आलेला आकडा महत्त्वाचा. लांबच्या रस्त्याला तोच धरायचा.

ॲव्हरेज टाकीगणिक का बदलतं ते थोडक्यात: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून मोकळ्या रस्त्यावर वेग हा सगळ्यात मोठा चोर. समोरचा वारा, मागे बसलेलं माणूस, कमी हवेचे टायर, अडकून राहणारा ब्रेक हे त्यानंतर. पेट्रोलमध्ये इथेनॉल जास्त असेल तरी फरक पडतो, कारण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. १० टक्के मिश्रणात ही घट ३ टक्क्यांच्या आसपास, २० टक्क्यांत तिच्या दुप्पट.

टाकी गळ्यापर्यंत भरून जास्त किलोमीटर मिळवण्याचा मोह टाळा. पेट्रोल १० अंश तापलं की सुमारे १ टक्का फुगतं. थंड पेट्रोलाने काठोकाठ भरलेली १२ लिटरची टाकी उन्हात २० अंशांनी तापली की पाव लिटरच्या आसपास पेट्रोल जागा शोधू लागतं. ते झाकणातून रंगावर येतं, किंवा ज्या गाड्यांना वाफ शोषणारा कोळशाचा डबा असतो त्यात द्रवरूपातच शिरतं आणि डबा निकामी करतं.

मीटरवर "उरलेलं अंतर" दिसत असेल तर तो आकडाही अंदाजच आहे. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला यावरून ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, खर्च काढतो, अलीकडच्या काही किलोमीटरची सरासरी घेतो आणि फ्लोटने सांगितलेल्या पेट्रोलाला गुणतो. ट्रॅफिकमध्ये अडकलात की तो धाडकन उतरतो, मोकळा रस्ता लागला की चढतो. शेवटचे ३०-४० किलोमीटर राहिले की मी त्याच्याकडे बघायचं सोडून ट्रिप मीटर बघेन.

कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत गोष्ट सोपी होती. पेट्रोल कॉकला दोन तोंडं असतात, एक उंच नळीचं आणि एक तळाशी. कॉक "ऑन"वर असताना उंच नळीतून पेट्रोल येतं. पातळी तिच्याखाली गेली की गाडी धक्के देते आणि मग कॉक "रिझर्व्ह"वर करायचा. रिझर्व्ह म्हणजे वेगळी टाकी नव्हे, त्याच टाकीच्या तळाचं पेट्रोल. पेट्रोल भरल्यावर कॉक परत "ऑन"वर करायला विसरलात तर पुढच्या वेळी कुठलीही सूचना न मिळता गाडी थेट बंद पडते. ती बंद पडलीच तर कॉक ज्या बाजूला आहे त्या बाजूला गाडी चांगली आडवी झुकवा. खोगिराच्या दुसऱ्या पिशवीत अडकलेलं पेट्रोल खोबणीवरून इकडे येतं आणि थोडं अंतर निघतं.

रिझर्व्ह किती चालते ते बघायला अशी गाडी पूर्ण कोरडी करून चालतं, सोबत पेट्रोलसाठीच बनवलेला कॅन असला की झालं. इंजेक्शनच्या गाडीवर हा प्रयोग करू नका. पंप टाकीत पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. कोरडा फिरला की तो तापतो आणि झिजतो.

पिवळा दिवा असेल तर त्याची तऱ्हा वेगळी. काही गाड्यांत तो फ्लोटवरूनच लागतो, काहींत टाकीत छोटा थर्मिस्टर (तापमानानुसार रेझिस्टन्स बदलणारा भाग) असतो. पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत तो थंड राहतो, उघडा पडला की स्वतःच्या करंटने तापतो, त्याचा रेझिस्टन्स उतरतो आणि दिवा लागतो. म्हणून सुरुवातीला ब्रेक मारल्यावर दिवा लागणं आणि पुन्हा विझणं हा बिघाड नव्हे.

खरा बिघाड वेगळा दिसतो. एकाच जागी मीटर अडकून बसतं, किंवा ठरावीक पातळीला दर वेळी शून्यावर जाऊन परत येतं. पहिल्या प्रकारात दांडी वाकून टाकीच्या भिंतीला घासते, किंवा फ्लोटमध्ये पेट्रोल शिरून तो बुडालेला असतो. तो हलवून बघा, आत पाणी डुचमळल्यासारखं जाणवलं तर बदला. दुसऱ्या प्रकारात रेझिस्टन्सची पट्टी त्या जागी झिजलेली किंवा काळवंडलेली असते. काट्याच्या जुन्या मीटरमध्ये इंजिन रेस केल्यावर काटा वर सरकत असेल तर टाकीत हात घालू नका, दोष मीटरला मिळणाऱ्या व्होल्टेजमध्ये शोधा.

तपासताना आधी टाकीखालचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड काढा. पिना हिरव्या पडल्यात का, अर्थची वायर घट्ट आहे का बघा. निम्मी दुखणी इथेच संपतात. मग मल्टीमीटर ओहमवर ठेवून युनिटच्या (फ्लोट, दांडी आणि पट्टी मिळून जो भाग होतो त्याच्या) दोन वायरींमध्ये माप घ्या. युनिट बाहेर काढून दांडी सावकाश वरपासून खालपर्यंत फिरवली की आकडा सलग बदलायला हवा. मधेच माप तुटलं किंवा उडी मारली तर पट्टी गेली. अनेक गाड्यांत भरलेल्या टाकीला ओहम कमी आणि रिकामीला जास्त असतात, काहींत उलट. नेमके आकडे त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात. पट्टीवर नुसता मळ असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ कापड पुरतं. पॉलिश पेपर लावलात की पट्टी कायमची गेली. युनिट काढण्याआधी इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह सुटलेली, जागा मोकळ्या हवेची, जवळ ठिणगी नको. इंजेक्शनच्या गाडीत पाइपमध्ये साधारण ३ बारचं (इथे बार हे दाबाचं माप, मीटरवरचा बार नव्हे) प्रेशर असतं, ते उतरवल्याशिवाय पाइप ओढू नका. परत बसवताना रबरी सील नवीन घाला. जुनं पेट्रोलने फुगलेलं असतं आणि खाचेत नीट बसत नाही.

आणि मीटर दोन बार दाखवत असताना गाडी पेट्रोल संपल्यासारखी मरत असेल, दहा मिनिटांनी परत चालू होत असेल, तर टाकीचं झाकण उघडून बघा. फुस्स आवाज करून हवा आत शिरली आणि गाडी लगेच सुरू झाली, म्हणजे झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय. पेट्रोल खाली जातं, जागा भरायला हवा येत नाही, टाकीत निर्वात होतो आणि पेट्रोल थांबतं. झाकण काढून छिद्र हवेच्या प्रेशरने साफ करा, मीटरला हात लावायची गरज नाही.