पायलट गाडीचे काम आणि शर्यतीतून उतरलेली कुत्री

प्रश्न : हयातभर ट्रक चालवून मी नुकताच निवृत्त झालो आहे. पवनचक्कीची पाती आणि ट्रान्सफॉर्मर वाहणाऱ्या ट्रेलरपुढे पायलट गाडी चालवण्याचे काम जुन्या मालकांनी मला देऊ केले आहे. सांगोला-जत भागात शर्यतीतून बाद झालेली कारवानी कुत्री बेवारस फिरताना दिसतात आणि ते पाहवत नाही. अमेरिकेत काही निवृत्त ट्रकचालक असेच एस्कॉर्टचे काम करत शर्यतीतली ग्रेहाउंड कुत्री सांभाळतात, असे ऐकले. मला हे दोन्ही जमेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : जमेल, आणि आपण हे काम जरूर हाती घ्यावे असे आम्हाला मनापासून वाटते. मात्र मागे लोड असताना कुत्रे गाडीत घेऊ नये. खाली लोंबलेली विजेची तार, पुलाची उंची, वळणावर ट्रेलरची मागची चाके कुठवर येतील, समोरची एसटी कुठे थांबवावी, हे सारे पायलटने वॉकीटॉकीवर आधीच कळवायचे असते. मागच्या सीटवर घाबरलेला जीव धडपडत असेल तर त्यातली एखादी सूचना उशिरा जाते आणि तेवढ्याने अपघात होतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या नियमांत तर एस्कॉर्ट गाडीत माणूस किंवा प्राणी कोणताही प्रवासी नेण्यास मनाई असून अपवाद मोजकेच आहेत.

आपली खरी सोय परतीच्या फेरीत आहे. माल पोचला की पायलट गाडी रिकामी परतते. सोलापुरातून पुणे, हैदराबाद आणि विजयपूर या तिन्ही दिशांना महामार्ग जात असल्याने जतकडचे कुत्रे आणणे किंवा पुण्यातल्या नव्या पालकाकडे पोचवणे त्याच फेरीत बसते. उन्हाळ्यात येथे पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा प्रवास पहाटे करावा आणि ढाब्यावर जेवण होईपर्यंतसुद्धा कुत्र्याला बंद गाडीत ठेवू नये.

पट्ट्याबाबत विशेष जपावे. या कुत्र्यांचे डोके अरुंद आणि मान जवळजवळ तेवढीच जाड असते. कुत्र्याने मागे झटका दिला की साधा पट्टा कानांवरून निसटतो, आणि महामार्गालगत सुटलेले इतके वेगवान कुत्रे सहसा हाती लागत नाही. ओढल्यावर ठरावीक मर्यादेपर्यंतच आवळला जाणारा रुंद मार्टिंगेल पट्टा घ्यावा. पशुवैद्याकडून रेबीजची लस टोचून घ्यावी, आणि गोचिडांमुळे होणाऱ्या तापासाठी रक्त तपासून घ्यावे. शस्त्रक्रियेची वेळ आली तर कुत्रे कोणत्या जातीचे आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण थायोपेंटलसारख्या भुलीच्या औषधाचा अंमल ग्रेहाउंडसारख्या सडपातळ कुत्र्यांवर फार वेळ टिकतो.

मालक माहीत असेल तर कुत्रे ताब्यात घेण्यापूर्वी त्याची लेखी संमती घ्यावी. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ अन्वये गुन्हा आहे. तरीही मालकाला धमकावण्यापेक्षा चार शब्द गोडीने बोललेले बरे, म्हणजे पुढच्या वेळी तो कुत्रे वाऱ्यावर न सोडता आपल्याकडे आणून देईल.

घरी आणलेले कुत्रे मायाळू असले तरी ससा, मांजर किंवा कोंबडी दिसली की धावणारच, कारण त्याला आजवर तेच शिकवलेले असते. सुरुवातीचे काही आठवडे शेजारच्या कोंबड्या-मांजरांपासून त्याला दूर ठेवावे आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या बाजूला कधीही मोकळे सोडू नये. तिथे काळवीट आहेत, आणि कुत्रे त्यांच्या मागे लागले तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपणच अडचणीत याल. आपण लोडवर असताना त्याचे दोन वेळचे खाणे-पाणी आणि फिरवणे घरातले कोण करणार, हे आधी ठरवावे आणि मगच पहिले कुत्रे आणावे. दुसऱ्याचा विचार पहिले घरात रुळल्यावर करावा.